याची टोपी त्याच्या डोक्यावर

आमच्या घरात हिशेबाची वही सौ.च्या ताब्यात असते. कोथिंबिरीचे दहा रुपयेसुद्धा त्या वहीतून निसटत नाहीत. अशा घरात राहून मी नव्वद हजारांचे कर्ज दोन वर्षे लपवून ठेवले होते. या पराक्रमाचा मला काही काळ अभिमानही वाटत असे!

कर्ज कसल्या व्यसनापायी झाले म्हणावे, तर तसेही नाही. एकदा दाढ दुखली, एकदा मित्रांना ऐटीत जेवण दिले, एकदा फोन घेतला. क्रेडिट कार्ड पुढे करताना खिशातली नोट जात नाही, त्यामुळे मनाला चिमटा बसत नाही. व्याज होते महिना साडेतीन टक्के. म्हणजे नव्वद हजारांवर ३,१५० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर धरून ३,७१७. मी इमानेइतबारे महिना पाच हजार भरी. त्यातले मुद्दलात जेमतेम तेराशे जात!

गेल्या दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या एका बँकेतून फोन आला. आवाज मोठा गोड होता. "तुमची बाकी आमच्या कार्डावर वळवा. सहा महिने व्याज फक्त एक टक्का." याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात, असे त्या बाईंनी मला सांगितले. वळवण्याचे शुल्क दोन टक्के, म्हणजे करासह २,१२४ रुपये. मी ताबडतोब हो म्हटले.

जुन्या कार्डाची बाकी शून्य झाली आणि मला कर्ज फिटल्याचाच आनंद झाला. वास्तविक कर्ज जिथल्या तिथे होते. टोपी तेवढी याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर गेली होती. पण रिकामे झालेले कार्ड खिशात स्वस्थ बसू देईना. त्याच संध्याकाळी मी लक्ष्मी रोडवर गेलो आणि सौ.साठी अठरा हजारांची पैठणी घेतली.

पाडव्याला तिने ओवाळले. मी साडी पुढे केली. ती इतकी हरखली की, मला स्वतःचाच हेवा वाटला. भाऊबीजेच्या सकाळी ती माझ्या फोनवर तिच्या भावाला फोन लावत होती. तेवढ्यात बँकेचा निरोप वर आला. तिने तो वाचला, मग त्याच्या वरचाही वाचला.

"दोन कार्डं?" एवढेच तिने विचारले.

मी सगळे सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती उठली, वही घेऊन आली आणि तिने एक कोरे पान काढले. मुद्दल दरमहा पंधरा हजारांनी फेडले, तर सहा महिन्यांचे मिळून व्याज किती, हे तिने मांडले. उत्तर आले, करासह ३,७१७. मी पूर्वी एकाच महिन्याला जेवढे व्याज भरत होतो, तेवढेच!

"पण सहा महिन्यांत फिटलं नाही, तर पुन्हा साडेतीन टक्के," ती म्हणाली, "आणि या नव्या कार्डावर काही घेतलंत, तर त्याला सवलत नाही."

आवर्ती ठेव थांबली. माझे बाहेरचे खाणे बंद झाले. साडीचे अठरा हजार मात्र तिने तिच्या भिशीतून भरले. बहिणींबरोबर केरळला जायचे म्हणून ठेवलेले पैसे होते ते. पाडव्याची ओवाळणी तिने स्वतःच स्वतःला घातली, आणि बहिणी तिच्याशिवाय जाऊन आल्या.

अक्षयतृतीयेच्या सुमारास शेवटचा हप्ता गेला. दोन्ही कार्डे मी अडकित्त्याने कापली. "नुसतं कापून भागत नाही, बँकेला कळवा," ती म्हणाली. तेही खरेच. बाकी फिटलेली असेल तर कळवल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियमच आहे. त्याप्रमाणे ती बंद झाली.

यंदा लक्ष्मीपूजनाला आम्ही तिच्या वहीची पूजा करणार आहोत. ती पैठणी नेसणार का, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. मात्र दरमहा तीन हजार मी वेगळे काढतो आहे, आणि त्याची नोंद वहीत माझ्याच अक्षरात आहे: 'केरळ'.