सरासरीच्या आड

टी-वन, म्हणजे क्वांटम संगणकाच्या क्यूबिटमध्ये ऊर्जा किती वेळ टिकते ते, मोजणं हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं काम. पण तो आकडा जागेवर राहत नाही, आणि मला इतकी वर्षं छळलं ते त्यानंच. सकाळी शंभर मायक्रोसेकंद दाखवणारा क्यूबिट रात्री साठावर आलेला असतो. फ्रिज 10-20 मिलिकेल्विनवर स्थिर, वायरिंगला कुणी हात लावलेला नाही. चिपवरच्या ऑक्साइडच्या थरात सूक्ष्म दोष असतात. त्यातल्या एखाद्याची वारंवारता भटकत क्यूबिटच्या वारंवारतेवर येऊन बसली, की तो दोष क्यूबिटची ऊर्जा पिऊन टाकतो. काही तासांनी आपसूक सरकतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पेपरात आकडा एकच छापतात.

मीही चांगल्या रात्रीचाच आकडा पुढे ठेवायचो. खोटा नव्हता तो. पण आपल्या चिपचं नाव व्हावं ही हाव त्यामागे होती, आणि ती अजून गेलेली नाही. यंदा माझ्या विद्यार्थिनीनं एकाच क्यूबिटची रात्रंदिवस नोंद ठेवली. तो वरखाली होणारा आलेख समोर ठेवून तिनं विचारलं, “सर, यातला आपला आकडा कुठला?” मला उत्तर देता आलं नाही.

रँडमाइज्ड बेंचमार्किंग, म्हणजे गेट (क्यूबिटवरच्या क्रिया) यादृच्छिक क्रमात चालवून त्यांची सरासरी चूक काढणं, तर याहून फसवं. रीडआउटची चूक ते बाजूला काढतं, हा त्याचा मोठा गुण. पण गेट दर वेळी एकाच बाजूला जरासं जास्त फिरवत असेल, तर यादृच्छिक क्रमात ती चूक विखुरते. खऱ्या प्रोग्रॅममध्ये तोच गेट ओळीनं आला की ती साचते. शंभर गेटांना चुकीची शक्यता शंभरपट नव्हे, दहा हजारपटीच्या घरात. अशी फसगत मला गावापासून ओळखीची. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचा. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस पुरेसा आणि आमच्या शिवारात सोयाबीन करपलेलं, हे मी पाहिलंय. नोंद खरी असायची, पीक मात्र गेलेलं असायचं.

क्यूबिटच्या संख्येची शर्यत मला पटत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा, मुंबईची टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली, तेव्हा ओळखीतल्या काहींनी “फक्त सहा?” म्हणून नाक मुरडलं. सहा क्यूबिट नीट ओळखणं हे मोठं काम आहे. त्याच वर्षी आलेल्या गूगलच्या विलो चिपचं मोलही 105 या संख्येत नाही. चुका दुरुस्त करणारा कोड 3 वरून 5, 5 वरून 7 असा मोठा करत नेला तसा चुकीचा दर प्रत्येक पायरीला निम्म्याहून खाली आला, त्यात आहे.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहते आहे. त्या क्षेत्रातले लोक नॉइज दाखवताना एका आकड्यावर न थांबता वारंवारतेनुसार अख्खा आलेख मांडतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

नवी चिप जाहीर करणाऱ्या सहकाऱ्यांना, विशेषतः राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या पैशावर काम करणाऱ्यांना, माझी विनंती आहे: टी-वन छापाल तेव्हा त्याच क्यूबिटची निदान एका अख्ख्या दिवसाची नोंद सोबत छापा, वाईट तासांसकट.