भाजणीची अट

मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. एवढ्या भांडवलावर माणसाने संगणकाविषयी लिहू नये, हे मला कळतं. आमच्या भाच्याला कळत नाही. बँकेतला माणूस म्हणजे बारीक टाइपातल्या अटी वाचणारा, अशी त्याची समजूत. वास्तविक त्या अटींखाली गिऱ्हाइकाची सही कुठे घ्यायची, एवढंच आम्हाला ठाऊक असतं.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी स्वारी पडलेल्या चेहऱ्याने आली. दुकानदारांसाठी त्याने हिशेबाचा प्रोग्राम लिहिलाय. पहिलं मोठं गिऱ्हाईक लागलं, पण करारात एक प्रश्न होता : आत दुसऱ्याचं काही आहे का?

"बिलं छापणारा तुकडा आयता घेतलाय," भाचा म्हणाला. "फुकट होता, मामा!"

फुकट म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. "कागद दाखव."

त्याने मोबाइल पुढे केला. परवान्याचं नाव जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तो १९८९ साली प्रथम काढला. त्यांच्या प्रयोगशाळेतला प्रिंटर अडायचा आणि त्याच्या प्रोग्रामचा सोर्स कोड मागूनही मिळेना, तिथून ते बिथरले म्हणतात. माझाही आमच्या प्रिंटरवर राग आहे. पण मी फक्त त्याला थापट्या मारतो.

परवाना म्हणतो : प्रोग्राम वापरा, बदला, खुशाल विका. मात्र ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही द्या आणि तो पुढे वाटायची मोकळीक द्या. आपला कोड त्यात एकजीव करून विकलात, तर त्या सगळ्यालाच ही अट.

"अय्या, म्हणजे काकूंची भाजणी!" सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.

शेजारच्या काकूंनी तिला चकलीच्या भाजणीची कृती दिली ती याच बोलीवर : जो भाजणी नेईल त्याला कृतीही द्यायची. सौ. दिवाळीत भाजणी विकते. यंदा तिच्या मनात त्यात आईचा मसाला दळून घालायचं होतं. हा मसाला म्हणजे आमच्या घरचं गुपित. आईने शेवटच्या आजारपणात तो एकट्या सुनेच्या कानात सांगितला; पोटच्या मुलाला नाही.

"घरी खायला काय हवं ते घालावं," सौ. म्हणाली. "विकायची तर पुड्या वेगळ्या. एका पिशवीत ठेवल्या म्हणून काही बिघडत नाही."

परवान्यातही तसंच आहे. दोन स्वतंत्र प्रोग्राम एका तबकडीवर शेजारी नांदू शकतात.

"मग मीही पुड्या करतो," भाचा खुलला.

"तुझा प्रोग्राम त्या तुकड्याशिवाय चालतो?"

"नाही. एकातच बांधलंय." थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "मामा, गिरणीतून दळून आल्यावर आत काय आहे ते कोणाला कळतंय?"

कळतं. लिंकसिस कंपनीच्या राउटरमध्ये लिनक्स आहे, हे २००३ साली लोकांनी हुडकून काढलं. अखेर कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला आणि त्यातून लोकांनी ओपनडब्ल्यूआरटी उभं केलं. हे मला भाच्यानेच पूर्वी कौतुकाने सांगितलं होतं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

वाटा तीन होत्या. सगळा कोड गिऱ्हाइकाला द्यायचा. मूळ लेखकाकडून पैसे भरून वेगळा परवाना मिळतो का बघायचा. नाहीतर तो तुकडा काढून टाकायचा. भाच्याने तिसरी धरली. तीन आठवडे रात्री जागून स्वतः लिहिलं. गिऱ्हाईक चिडलं, पण टिकलं.

सौ.ने मात्र पहिली वाट धरली. म्हणाली, "गुपित माझ्याबरोबर गेलं तर सासूबाईंचं राहिलं काय?" मसाला भाजणीत दळला आणि कृती स्वच्छ अक्षरात लिहून पहिली पुडी काकूंना नेऊन दिली.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला आणि डोळे पुसले.

"अगो, हा मसाला मीच दिला होता हो तुझ्या सासूबाईंना. चाळीत असताना. याच अटीवर!"

तेव्हापासून मी 'आमच्या घरचं' असं काही म्हणण्याआधी तो करारातला प्रश्न एकदा मनाशी विचारून घेतो.