बिनशिंगी

दिवाळी सरली की हैदराबादेत हिमायतनगरला लागून असलेल्या नारायणगुड्यात सदर उत्सव भरतो. यादव मंडळी रेडे मिरवतात. हरियाणातून आणलेले मुऱ्हा, तेलानं चकाकणारं अंग, गळ्यात हार, शिंगं जिलबीसारखी वळलेली. तिथं बिनशिंगी जनावराकडे कुणी ढुंकून पाहणार नाही.

*

आपल्याकडे तरी काय वेगळं? खिलारची शिंगं लांब, मागे जाऊन वर उठलेली. डांगीची आखूड नि जाड. देवणीची मध्यम, बाजूला फाकून वर वळलेली. पोळ्याला ती साळायची, हिंगूळ फासायचा, टोकांना पितळी शेंब्या. अशा मुलखात एखादं बिनशिंगी वासरू जन्मलं, तरी त्याला वळू म्हणून राखणार कोण?

*

मग बिनशिंगी गुरं येतात कुठून? ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलंय की स्किथियातल्या गुरांना शिंगं फुटत नाहीत, कारण तिथली थंडी. स्कॉटलंडची अँगस, गॅलोवे, स्वीडनची फ्येल ही गुरं पाहिली तर पटतंही. पण इजिप्तमधल्या प्राचीन थडग्यांच्या भिंतींवरही बिनशिंगी गुरं रंगवलेली आहेत. तिथं कुठली थंडी!

*

गॅलोवे : अंगभर लांब झुलपं, खाली दाट लोकर, वशिंड नाही. इंग्लंडच्या सफोक-नॉरफोकातलं रेड पोल : गर्द तांबडं, दुधालाही नि मांसालाही. अँगस काळं, ठेंगणं, भरीव; शिंगांच्या जागी माथ्यावर उंचवटा. ब्राझीलचं बिनशिंगी नेलोर यांच्या पंक्तीत बसतच नाही. पांढरे आखूड केस, खाली काळी कातडी, वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी. मूळ आंध्रातली ओंगोल. तिची शिंगं घरीही आखूड, खुंटासारखीच. एकाच्या अंगावर हिमवाऱ्याचा बंदोबस्त, दुसऱ्याच्या अंगावर उन्हाचा. सारखं काय, तर फक्त माथा.

*

तोही एका रक्ताचा नाही. शिंगं घालवणारा जनुकीय बदल पहिल्याच गुणसूत्रावर, जवळपास एकाच जागी. पण युरोपी गुरांत त्याचे दोन निरनिराळे प्रकार, मंगोलियात तिसरा, नेलोरमध्ये चौथा. मंगोलियातला तर याकांतही उतरलाय. गुण प्रबळ असल्यामुळे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. काहींना मात्र कवटीला न चिकटलेले, नुसते कातडीत हलणारे खुंट फुटतात. तो निराळ्या जनुकाचा खेळ.

*

अमेरिकेत 2015 साली जनुक-संपादनानं बिनशिंगी वासरं जन्माला घातली. मोठा गाजावाजा झाला. 2019 मध्ये त्यांच्यात जिवाणूच्या डीएनएचे तुकडेही सापडले. उत्साह ओसरला.

*

शिंगं नकोत यामागचं कारण खरं आहे : गोठ्यात गुरं एकमेकांना हुंदाडतात, गड्यालाही लागतं. संकरित कालवडींच्या गोठ्यात बिनशिंगी वळूचं वीर्य वापरायला माझी हरकत नाही. वासराच्या शिंगांचे कोंब डागण्यापेक्षा ते बरं. देवणी आणि लाल कंधारीला मात्र त्यातून वगळा. तिथं युरोपी वीर्यातून एकटा बिनशिंगी माथा येत नाही, वशिंड नि पोळीही नाहीशी होत जातात. पशुपालकांनी रेतन करून घेण्याआधी डॉक्टरांना वळूची जात आवर्जून विचारावी.