जोधपूरहून आल्यावर

प्रिय सुमे,

जोधपूरला जाऊन आले आणि मेहरानगड पाहिला. तुला कळवल्याशिवाय चैन पडेना.

गड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, पाण्याची टाकी आणि वाड्यांची जोती येतात. इथे जोत्यावर अख्खे महाल उभे आहेत, जाळ्या-झरोक्यांसकट! राव जोधानं १४५९ साली शहराच्या डोक्यावरच्या कातळावर हा गड बांधायला घेतला. पाया पक्का व्हावा म्हणून राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला जिवंत गाडलं, असं सांगतात. त्याच्या नावाचा दगड गडावर आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लोहापोल दरवाजाशी सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. तळवे इतके लहान गं! महाराजा मानसिंह वारले १८४३ साली, म्हणजे इंग्रजी मुलखात सतीबंदी होऊन चौदा वर्षं झाल्यावर, आणि तरीही त्यांच्या चितेवर बायका गेल्या. लोक ठशांना हात जोडतात. माझ्यानं जोडवले नाहीत.

संग्रहालयात मात्र मी रमले. शहाजहाननं जसवंतसिंहांना दिलेला चांदीचा हौदा आहे, अभयसिंहांनी १७३० मध्ये गुजरातच्या लढाईतून आणलेली सोनेरी, काचेच्या खिडक्यांची पालखी आहे. पण खरा ठेवा चित्रांचा. मानसिंह नाथपंथाचे कट्टर भक्त, आपल्या निवृत्तिनाथांचा पंथ तोच. त्यांच्या पदरी बुलाकी नावाचा चितारी होता. त्यानं १८२३ मध्ये काढलेलं एक चित्र इथल्या संग्रहात आहे. तीन चौकटी, आणि पहिलीत काही म्हणजे काही नाही, नुसतं सोनं. निराकार ब्रह्म! ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

रायगड १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी जळला. तिथल्या महालांत काय काय होतं ते आता पाहायला मिळणार नाही. म्हणून मेहरानगडाचं मोल मला जास्त वाटलं. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले आणि पुढच्याच वर्षी जोधपूरच्या महाराजा गजसिंहांनी ट्रस्ट करून गड त्याच्या हवाली केला. असं वेळेवर सुचायला मोठं मन लागतं.

डिसेंबरात येशील तेव्हा जोधपूरसाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेव. सकाळी दरवाजा उघडतानाच पोचायचं, गर्दी व्हायच्या आत चित्रं बघून होतात.

तुझी,
मंदा