बुळकांडीचं देणं

आमच्या आंबेगावाकडे बैल दगावला की घरात चूल पेटत नसे. बुळकांडीचं नाव काढताना आजोबा आवाज खाली आणीत. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग जुलाब. आठवड्याभरात दावण मोकळी. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, आळ्याला, वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. अशा मुलखात गुराचं मरण कुणी हलकं घेत नसे, पण इलाज अंगाऱ्यापलीकडे जात नव्हता.

१९५४ मध्ये सरकारनं बुळकांडीविरुद्ध देशभर मोहीम काढली आणि पुढे टोचणीवाले आमच्या गावात पोचले. शेळ्यांमधून वाढवून नरम केलेल्या विषाणूची ती लस. टोचल्यावर जनावर तापायचं, म्हणून लोक गुरं रानात हाकून द्यायचे. आजोबांनी मात्र आपली खिलारी जोडी स्वतः पुढे धरली. जोडी राहिली, औत चाललं, माझ्या शाळेची फी त्यातून निघाली.

ही लस मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतली. ती प्रयोगशाळा मूळची पुण्याची; १८८९ साली कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली, १८९३ मध्ये हिमालयात गेली. त्याही मागे गेलं की जे. एच. बी. हॅलन भेटतो. मुंबई फौजेतला घोड्यांचा डॉक्टर. १८६२ च्या सुमारास पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली, तिच्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पुढे सरकारनं गुरांच्या साथीवर आयोग नेमला, त्याचं काम हॅलनकडे आलं. १८७१ च्या अहवालानं हिंदुस्थानातली ही साथ म्हणजे युरोपात गुरं मारणारीच बुळकांडी, हे कागदावर आणलं. हातात लस नव्हती. आजारी जनावर वेगळं बांधा, एवढंच सांगता येत होतं.

त्याला आमचा कळवळा होता, असं मी म्हणणार नाही. फौजेला घोडे हवे होते, तोफा ओढायला बैल हवे होते. पण देणेकऱ्यानं सावकाराचा हेतू बघून कर्ज नाकारायचं, हे आजोबांना पटलं नसतं.

२००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये जग. आता बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडा जुंपण्याआधी बैलाला पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आमच्या भावकीतली एक मुलगी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकून डॉक्टर झाली, ती असे दाखले देते. तिला मी हॅलनची गोष्ट सांगितली. बैलाच्या छातीवरची नळी न काढता ती म्हणाली, "त्यानं तोफेसाठी बैल जपले, तुम्ही गाड्यासाठी जपता. काका, बैलाला काय फरक?"