बक्कल लागल्याचा आवाज

बाबा गाडीवरून पडले तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. डोकं रस्त्यावर आपटलं तेव्हा नव्हतं.

मधे गेला असेल अर्धा सेकंद. पहाटेच्या शिफ्टला निघाले होते. घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गावर, रस्त्याच्या कामाची खडी वळणावर पसरलेली होती. स्प्लेंडरचं पुढचं चाक सरकलं आणि गाडी डावीकडे कलंडली. वेग तीसच्या आतच. डोक्यावर ते वाटी उपडी घातल्यासारखं टोपी-हेल्मेट, बक्कल न लावलेलं. ते आधी उडालं आणि घरंगळत गटारापर्यंत गेलं. बाबा जागेवरच राहिले. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने त्यांना उचलून महाडला नेलं. कपाळाला सात टाके, हनुवटीला तीन. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा."

मी पुण्याहून पोचलो तेव्हा ते हेल्मेट आईने कॉटखाली सरकवून ठेवलं होतं. त्याच्यावर एक ओरखडा होता. बाबांना दहा टाके.

दासगाव म्हणजे महाडच्या अलीकडचं, सावित्रीच्या काठावरचं गाव. एकेकाळी इथे मुंबईहून बोटी यायच्या. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी आले ते याच बंदरात उतरून. आता बोटी नाहीत, महामार्ग आहे, आणि त्याचं चौपदरीकरण माझ्या शाळेपासून चालू आहे. बाबा या रस्त्याने सव्वीस वर्षं महाडच्या एमआयडीसीत जातात. एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे अडचण आली की एक्सेल शीट उघडतो. घरी पोचल्यावर दुसऱ्या रात्री मी तेच केलं. पंधरा हेल्मेटं, त्यांचं वजन, किंमत, कवच कशाचं आहे, कुठलं प्रमाणपत्र आहे, रिव्ह्यू काय म्हणतात. शेवटी सगळ्यात जास्त गुण मिळालेलं फुल-फेस हेल्मेट ऑनलाइन मागवलं. बाबांनी ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी ते पडवीतल्या खुंटीला गेलं.

"का?"

"जड आहे. गरम होतं. आणि मला काही ऐकू येत नाही त्यात."

पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती आहे, आंदोलनं झाली आहेत, त्यामुळे मला हे तिन्ही मुद्दे पाठ होते. उत्तरंही पाठ होती. मी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे काढले: हेल्मेटमुळे अपघातात मरण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के कमी होते, डोक्याला इजा होण्याची ६९ टक्के. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी काय तुझ्यासारखा नव्वदने जातो?"

यावर मी त्यांना कागदावर गणित करून दाखवलं. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून नुसतं खाली पडलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असली तरी! हा वेग डांबरावर दोन-तीन मिलिमीटरमध्ये शून्य झाला तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट वगैरे झटका बसतो. हेल्मेटच्या आत जो थर्माकोल असतो तो चेपला जातो, आणि थांबायला अडीच सेंटिमीटर मिळाले तर तोच झटका साठपटीवर येतो. ढोबळ हिशेब आहे, पण हेल्मेटचं अख्खं काम एवढंच आहे: डोक्याला थांबायला थोडी जागा देणं. बाहेरचं कवच आघात पसरवतं, आतला थर्माकोल स्वतः चेपून घेतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही.

बाबा गणिताकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "२००५ ला डोंगर खाली आला, तेव्हा कुणी हेल्मेट घालून काय झालं असतं?"

याला माझ्याकडे गणित नव्हतं. जुलै २००५ च्या पावसात आमच्या गावावर दरड कोसळली तेव्हा मी तिसरीत होतो. मला आठवतो तो अंधार आणि आईने घट्ट धरलेला हात. बाबांना आठवतं ते वेगळं आहे, कारण नंतर चिखल उपसायला गेलेल्यांत ते होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला, त्या पुलावरूनही बाबा कित्येकदा गेले होते. जो माणूस हे सगळं बघून उरलाय त्याला ४२ टक्के सांगताना माझाच आवाज बारीक झाला.

पण खडीवर घसरणं म्हणजे दरड नव्हे. तिथे एक बक्कल होतं आणि ते हाताच्या अंतरावर होतं. हे मी मनात म्हटलं. तोंडावर म्हणालो नाही.

पुण्याला परतताना ताम्हिणीतून आलो. वरच्या सपाटीला आल्यावर, मुळशीकडे, रस्ता चांगला आहे म्हणून गाडी पळवली. रूमवर पोचून हेल्मेट काढलं तर कानात बारीक शिट्टी. तशी ती नेहमीच असायची, झोपेपर्यंत जायची. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, ही काय भानगड आहे ते वाचावं.

वाचलं ते असं. ताशी साठ-पासष्टच्या पुढे गेलं की बहुतेक गाड्यांवर इंजिनपेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो. शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत तो ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा करत जावा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मी तासन् तास चालवत होतो. इंग्लंडमधल्या बाथच्या संशोधकांनी हेल्मेटमधल्या या आवाजाचा अभ्यास केला, तेव्हा त्यातला मोठा वाटा हनुवटीखालच्या भागातून येतो असं त्यांना दिसलं. वारा खालून शिरतो. म्हणजे हेल्मेट सैल असेल, मानेपाशी पोकळी असेल, तर महागडं कवच काही कामाचं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांचं हेल्मेट मी कुठल्या मापाचं मागवलं होतं? एल. का? तर मी एल घालतो म्हणून. पंधरा ओळींच्या त्या शीटमध्ये बाबांच्या डोक्याचा घेर हा रकानाच नव्हता.

पुढच्या शनिवारी घरी गेलो तेव्हा आईच्या शिलाईच्या डब्यातला टेप काढला. भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून. ५६ सेंटिमीटर. त्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे एम. दोन दिवस बाबा डोक्यावर डुगडुगणारी घागर घेऊन फिरत होते, आणि मी त्यांना आकडे ऐकवत होतो.

मग आम्ही दोघं महाडला दुकानात गेलो. ऑनलाइन नाही. दुकानदाराने पहिल्यांदा जे काढलं ते सहज डोक्यात गेलं. "बघा, कसं मस्त बसलं," तो म्हणाला. सहज जातंय तेच नको होतं. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, बोलताना गाल दाताखाली येतायत असं वाटलं पाहिजे. गालाच्या गाद्या काही दिवसांत बसतात. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर ते बसत नाही. तिथे डोक्याचा आकारच वेगळा आहे, दुसरं मॉडेल बघायचं. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर-पुढे ढकललं तर निघून येता कामा नये. दुकानदाराला हे सगळं जरा जास्त वाटलं, पण गिऱ्हाईक कमी होतं, त्याने करू दिलं.

चौथं हेल्मेट बसलं. ते घालून बाबांना तिथेच स्टुलावर वीस मिनिटं बसवलं. चहा आला, तो त्यांनी काच वर करून प्यायला. चष्मा आत जातोय का, काड्या कानावर दाबतायत का, तेही बघून घेतलं. मागे आयएसआयचा शिक्का होता. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला काय काय मिळतं ते आपण बघतोच. काळी काच लावून मागत होते, मी नको म्हटलं. शिफ्ट पहाटेची, पाऊस चार महिने, पारदर्शकच बरी. हनुवटीखाली कापडी पडदा लावता येत होता, तो घेतला. किंमत माझ्या शीटमधल्या विजेत्याच्या निम्मी.

"आता ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"दुकानात येतंय. रस्त्यावर बघू."

मग बघितलंच. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी कुणी नसतं. बाबा स्प्लेंडरवर चाळीसने पुढे, मी माझ्या गाडीवर मागून जवळ येत हॉर्न देणार, ऐकू आला की त्यांनी डावा हात वर करायचा. आधी टोपी-हेल्मेट, या वेळी बक्कल लावून. मग माझं ते सैल एल. मग नवं. प्रत्येकी चार फेऱ्या. पुलावर बसलेली दोन पोरं हसत होती. एक माणूस, बारा फेऱ्या. याला कुणी प्रयोग म्हणणार नाही, मी पण म्हणत नाही.

सैल हेल्मेटमध्ये बाबांचा हात उशिरा वर जायचा. म्हणजे त्यांची तक्रार खरी होती, आणि मी ती हट्ट समजत होतो. नव्या हेल्मेटमध्ये आणि टोपी-हेल्मेटमध्ये काही फरक जाणवला नाही. उघड्या कानाला जास्त ऐकू येतं असं आपल्याला वाटतं, पण उघड्या कानावर वारा थेट आपटतो. नीट बसलेलं हेल्मेट हॉर्न थोडा दाबतं, तसा वाराही दाबतं.

पण आणखी एक गोष्ट दिसली, जी मी शोधत नव्हतो. मी डावीकडून आलो की हात लगेच वर. उजवीकडून आलो की मी जवळजवळ शेजारी येईपर्यंत हात खालीच. हेल्मेट कुठलंही असो.

घरी येऊन मी हळूच विचारलं. बाबा पायरीवर बसून बूट काढत होते. "मशीन उजव्या हाताला होतं ना," ते म्हणाले, जणू हे सगळ्यांनाच माहीत आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं कानात घालायला काही नसायचं. नंतर बोळे मिळाले, पण ते घातले की साहेबाची हाक ऐकू येत नाही म्हणून कुणी घालत नसे. आई आतून म्हणाली, "म्हणून टीव्ही एवढा मोठा लावतात. मला वाटायचं मुद्दाम."

कानाची तपासणी झाली. आलेखावर ४,००० हर्ट्झपाशी उजव्या कानाची रेघ खड्ड्यात गेली होती, डाव्याची जराशी. आवाजाने गेलेल्या कानाचा खड्डा बहुतेक वेळा तिथेच पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं.

आपल्याकडे मोठी गाडी ओव्हरटेक करते ती उजवीकडून. बाबांच्या स्प्लेंडरला उजवा आरसा नव्हता. कधीतरी तुटला, मग कुणी लावला नाही. सगळी भिस्त त्या कानावर होती. आम्ही त्याच दिवशी दोन्ही आरसे लावून घेतले. तीनेकशे रुपये. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात मोलाचा खर्च.

माझ्यासाठी मी फोमचे इअरप्लग घेतले. लांबच्या प्रवासात हेल्मेटच्या आत घालतो, शिट्टी बंद झाली आहे. बाबांना ते दाखवले तर म्हणाले, "मी आयुष्यभर घातले नाहीत म्हणून बोलणी खाल्ली, आणि तू गाडीवर घालतोस?" त्यांना त्याची गरज नाही, त्यांचा वेग तेवढा नाही. कंपनीत मात्र आता घालतात असं म्हणतात. मी विश्वास ठेवतो.

सगळ्यात सुरक्षित हेल्मेट कुठलं, असं मला आता ऑफिसात कुणी विचारलं तर मी आधी टेप आणायला सांगतो. आराम आणि शांतता हे वरचे लाड आहेत असं मला वाटायचं. पण जे टोचतं ते खुंटीला जातं, जे सैल असतं ते घोंगावतं, आणि जे घोंगावतं त्याचं बक्कल माणूस लावत नाही, कारण त्याला ते कधी एकदा काढतोय असं झालेलं असतं.

गेल्या महिन्यात पहाटे जाग आली. बाबा पडवीत उभे राहून हेल्मेट घालत होते. पट्टा गळ्याखाली घेतला, बक्कल लावलं. टक् असा आवाज झाला, मला अंथरुणात ऐकू आला. त्यांना बहुतेक आला नसावा. त्यांनी दोन बोटं पट्ट्यात घालून तो खाली ओढून बघितला. मग एकदा परत ओढून बघितला, आणि गाडीला किक मारली.