उरलेले रबर

टायर किती चालतो, या प्रश्नाचे रस्त्यावर एक उत्तर असते आणि शर्यतीच्या ट्रॅकवर दुसरे. रस्त्यावरचे उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. मोटार सांभाळून चालवली आणि हवा वेळच्या वेळी तपासली, तर चांगला टायर चाळीस हजार किलोमीटर सहज देतो. ट्रॅकवर मात्र जाणकार मनुष्य उत्तर देण्याआधी उलट विचारतो : गाडीचे वजन किती, चालवणारा कसा, आणि त्या दिवशी ऊन किती होते? इचलकरंजीच्या एका सूतव्यापारी कुटुंबाला या दोन उत्तरांमधले अंतर उमगले, त्याची ही हकीकत.

घरातले थोरले काका, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, पेढीचा हिशेब पाहतात. धाकट्या भावाचा मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून पेढीवर बसू लागला. सूत कोइमतूरकडच्या गिरण्यांतून येत असल्याने तो अधूनमधून तिकडे जाऊ लागला, तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते तो तिथे शनिवार-रविवारी काय करतो हे कळल्यावर.

कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे करी मोटर स्पीडवे नावाचा सुमारे २.१ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. त्याला ज्यांचे नाव दिले आहे ते एस. करिवर्धन तिथल्याच एका गिरणीमालक घराण्यातले. भारतातल्या मोटार शर्यतींना वळण लावणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. १९९५ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले. गिरणीवाल्याच्या घरातही हे वेड असू शकते, ही गोष्ट पुतण्याने अण्णांना मोठ्या खुबीने ऐकवली होती. तिचा उपयोग झाला असावा, कारण अण्णांनी मनाई केली नाही. एवढेच म्हणाले, “खर्च तुझ्या पगारातून, आणि त्याचे खाते वेगळे.”

पहिले टायर गाडीसोबत आलेले साधेच होते. ट्रॅकवर दहा मिनिटांत ते इतके तापले की त्यांची पकड सुटली आणि गाडी वळणावर साबणावरून चालल्यासारखी घसरू लागली. दुसऱ्या दिवशी पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडेचे रबर ढलप्यांनी निघाले. मग त्याने खास ट्रॅकला चालणारे, मऊ रबराचे टायर घेतले. चार टायरांची किंमत पाहून अण्णांनी चष्मा पुसला.

सुताला जसा काउंट, तसा टायरच्या अंगावर ट्रेडवेअरचा आकडा असतो. जुन्या टायरवर तो ४०० होता, नव्यावर २००. अण्णांनी तिथल्या तिथे त्रैराशिक मांडले. ते चाळीस हजार चालले असते, तर हे वीस हजार चालतील. हिशेब चोख होता, पण त्याचा पाया दुसऱ्याच जमिनीवर होता. अमेरिकेत टेक्सस राज्यातील सान अँजेलो गावाजवळ ४०० मैलांचा ठरावीक रस्ता आहे. तिथे गाड्यांचा ताफा नेमस्त वेगाने एकूण ७,२०० मैल चालवतात, आणि १०० आकडा मानलेल्या प्रमाण टायरच्या तुलनेत नवा टायर किती झिजला हे पाहून त्याचा आकडा ठरतो. तो आकडाही कारखानदार स्वतःच जाहीर करतो. सरळ रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या गाडीचे ते माप आहे. ट्रॅकवरच्या कडक ब्रेकचा आणि ताणलेल्या वळणांचा त्यात हिशेबच नाही.

सहा दिवसांत पुतण्याच्या गाडीने ट्रॅकवर जेमतेम सातशे किलोमीटर काटले. त्यासाठी इचलकरंजी ते कोइमतूर, साधारण हजार किलोमीटरची वाट, त्याने या टायरांवर तीनदा जाताना आणि दोनदा येताना केली. म्हणजे रस्त्यावरचे झाले पाच हजार. त्या पाच हजारांनी जेवढे रबर नेले, त्याहून अधिक या सातशेंनी नेले.

याचे कारण उष्णता. रबरात गंधकाने घातलेल्या गाठी असतात, काजळी किंवा सिलिका असते, आणि ते लवचिक ठेवणारी तेले असतात. मऊ टायर ऐंशी ते शंभर अंशांच्या आसपास तापला की डांबराच्या बारीक खडबडीत शिरून धरतो. तीच त्याची पकड. पण प्रत्येक तापण्यासोबत थोडे तेल उडते, नव्या गाठी पडतात, आणि थंड झाल्यावर रबर आधीपेक्षा किंचित कडक झालेले असते. ट्रॅकवरची मंडळी म्हणूनच किलोमीटर मोजत नाहीत, टायर किती वेळा तापून निवला हे मोजतात. पंधरा-वीस मिनिटांची एक पाळी म्हणजे एक तापणे. दिवसाच्या पाच पाळ्या धरल्या, तर सहा दिवसांत तीस. डोळ्यांना नक्षी दिसत असते, बोटाला रबर लागते, आणि तरी आतला जीव निघून गेलेला असू शकतो. हवेची बाबही तशीच. थंड असताना भरलेली हवा तापल्यावर सहा-आठ पीएसआय चढते. ती कमी केली नाही तर टायर मधोमध फुगतो आणि पकड घटते. आधीच फार कमी ठेवली तर कडा दुमडून खाल्ल्या जातात.

फॉर्म्युला वनमध्ये तर हा हिशेब उघड्यावर मांडला जातो. २०१३ साली नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन व्हेटेल पहिल्या स्थानावरून मऊ टायरांवर निघाला आणि दुसऱ्याच फेरीअखेर आत येऊन ते टाकून गेला. दोन्ही प्रकारचे टायर वापरण्याची सक्ती होती, म्हणून तेवढी औपचारिकता. उरलेली शर्यत त्याने मध्यम टायरांवर चालवून जिंकली आणि सलग चौथे जगज्जेतेपदही मिळवले. जवळजवळ नवे टायर टाकून देण्याइतके मोठे मन व्यापाऱ्याला सहसा होत नाही.

उलट उदाहरण २००५ सालचे. त्या वर्षी पात्रता फेरी आणि शर्यत एकाच संचावर करण्याचा नियम होता. जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंगवर किमी रायकोनेन आघाडीवर होता. जोरात ब्रेक लावताना त्याच्या पुढच्या उजव्या टायरचा एक भाग घासून सपाट झाला. चाक फिरताना दर फेऱ्याला तो भाग आपटे आणि गाडी थरथरे. संघाने शर्यत न सोडण्याचा निर्णय घेतला. शेवटच्या फेरीच्या आरंभी, सारे हाती आले असताना, त्या थरथरीने सस्पेन्शन तुटले आणि विजय फर्नांडो अलोन्सोकडे गेला. टायर तोवर फुटला नव्हता, हे विशेष.

तिसऱ्या खेपेला अण्णा स्वतः पुतण्यासोबत कोइमतूरला गेले होते. गिरणीतले काम उरकून रविवारी सायंकाळी ते ट्रॅकवर पोहोचले. ऑक्टोबर महिना, ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. पश्चिमेकडे ढग दाटले होते. दुसऱ्या सकाळी दोघांना त्याच गाडीने घरी निघायचे होते.

पुतण्या खोली मोजायचे माप घेऊन टायराजवळ बसला होता. म्हणाला, “अण्णा, अजून चार मिलिमीटर आहे. कायद्याला एक पूर्णांक सहा लागते. घरी आरामात पोहोचू, आणि पुढच्या वेळी आणखी एक दिवस निघेल.”

“मध्ये चार. कडेला किती?”

“कडेला दोन.”

“ताग्याचा काठ विरला असेल, तर गिऱ्हाईक मधला भाग पाहून पैसे मोजते का?”

पुतण्या रागावला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. नियमाच्या दृष्टीने टायर पास होता, आणि नवे चार घ्यायचे तर महिन्याचा पगार गेला असता. काटकसर त्याला याच घरात शिकवलेली होती. पण ट्रॅकच्या टायरांना आधीच खाचा कमी असतात, आणि पाणी बाजूला सारायचे काम त्या खाचांचेच. तेवढ्या उथळ खाचांवर, तीस वेळा तापून कडक झालेल्या रबरावर, हजार किलोमीटर पावसात जायचे होते. महामार्गावर पाण्याचे तळे लागले की असा टायर पाण्यावर तरंगतो. मग सुकाणूही ऐकत नाही आणि ब्रेकही. अण्णांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी टायरच्या कडेला अंगठ्याचे नख दाबून पाहिले, मग गाडीतल्या सुट्या चाकावर दाबून पाहिले. फरक त्यांना कळला.

सोमवारी सकाळी दुकानदाराने स्वस्तात एक जुना साठा दाखवला. अण्णांनी टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक वाचून मागितले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माल गोदामात तीन वर्षे पडून होता. त्यांनी सवलत नाकारली आणि त्याच वर्षीचे साधे रस्त्याचे चार टायर बसवून घेतले. पैसे पुतण्याच्या खात्यावरच नावे पडले. होसूरपर्यंत तो फारसा बोलला नाही. तुमकूरनंतर पाऊस असा लागला की पुढच्या मालमोटारीचे दिवे दिसेनात, तेव्हा त्याने वेग साठवर आणला आणि अण्णांना पाण्याची बाटली उघडून मागितली.

जुना संच सुताच्या मालासोबत मालमोटारीने आला. गोदामात तो खिडकीपासून दूर, गोणपाटाखाली ठेवला आहे. पुतण्याच्या वहीत आता किलोमीटरचा रकाना नाही. तारीख, पाळी, सुरुवातीची हवा, तापल्यावरची हवा, कडेची खोली, एवढेच रकाने. नोंद खऱ्या आकड्याची आहे की नाही, हे दर महिन्याला अण्णा पाहतात.